चकाकी

आठवडाभर मी उद्यमबागेत
लोखंडाला चकाकी आणतो.
साचा फोडायचा, वाळू झाडायची,
मग ग्राइंडर, मग बफ,
पंपाच्या कवचात स्वतःचा चेहरा दिसेपर्यंत.

शनिवारी जांबोटीच्या पुढं
शेवटच्या बसमधून उतरलो,
तर मष्णूमामानं विचारलं,
गंज आणलास?

आणला होता. जेवणाच्या डब्यात
ओंजळभर, गावठी साखरेसारखा.
मामीनं तीन दिवस हिरडे भिजत घातलेले.
त्या पिवळ्या पाण्यात गंज सोडला
आणि बघता बघता
पातेल्यात रात्र झाली.

आढ्यावरून कमठा काढला.
मामाच्या आज्याचा. साडेतीन हात, चिव्याचा.
चार पिढ्यांनी करंजेल पाजलेला,
कंदिलाजवळ धरला की अंगावरून
उजेड पाण्यासारखा वाहायचा.
असला घेऊन बसलास तर
चांदणंच चहाडी करंल डुकराकडं,
मामा म्हणाला. काढ हे तेज.

उलटं काम मला कुणी दिलं नव्हतं कधी.
खरवतीच्या पाल्यानं घासत बसलो,
पाला झिजला, माझी बोटं झिजली,
शंभर वर्षांचं तेल थोडं थोडं वर येत राहिलं.
मग हिरड्याची शाई. वर चुलीतली राख.
मूठ राहू दे, मामा म्हणाला,
तिथं तळव्यांनी पाडलेला खळगा आहे,
तिथं हात असणारच.
झाकायचाय तो हात.
आणि उरलेली शाई
माझ्या पंजावर ओतली.

रानात सरळ रेघ कुठं नसते, म्हणून
विटक्या इरकलीच्या चिंध्या बांधल्या जागोजाग.
दोरी टणकारू नये म्हणून
घोंगडीच्या लोकरीचे दोन गोंडे.
एका चिंधीला काठाचा लाल धागा राहिला होता.
लाल दिसतंय, मामी उंबऱ्यातून म्हणाली.
डुकराला लाल कळत नाही गं.
मला कळतंय की.

मामाला काय रंगवायचं?
गार्ड भेटला तर कन्नड,
चोर्ल्याकडचा भेटला तर कोंकणी,
आणि दोन्हीकडं इतकं सपक बोलतो
की भेटलेल्याला पुढच्या वळणावर आठवत नाही
कोण भेटलं होतं.

भात निसवलेलं. बांधावरच्या ऐनाखाली बसलो.
दोन तास काहीच नाही, फक्त डास
आणि ओढ्याची बडबड.
मामानं कमठा खोडाला टेकवला,
तंबाखू मळली, चुना झटकला,
तेवढ्यात खालच्या वाफ्यात
चपचप सुरू झाली.

मामाचा हात मागं गेला.
खोड लागलं.
परत गेला.
खोडच लागलं.

बॅटरी लावायची नाही, बोलायचं नाही.
दोघं गुडघ्यांवर, आंधळ्यांसारखे,
ऐन चाचपला, शेजारचा किंजळ चाचपला,
वेल हातात आली, एकदा मामाचीच मांडी आली,
वाळवीची माती नखात गेली,
आणि खाली ती पाच-सहा जणं
पंगतीला बसल्यासारखी निवांत
आमचं भात खात होती.
शेवटी मामा बुडाशी टेकून बसला
आणि त्याचं पोट हलायला लागलं.
हसू दाबताना माणूस केवढा आवाज करतो!
डुकरं गेली. त्यालाच ऐकून गेली असतील.

उजाडल्यावर मामी चहा घेऊन आली.
किटली ठेवली, ऐनाकडं एकदा बघितलं,
हात लांब करून
लाल धाग्याला धरून कमठा उचलला,
दोरीवरची चोळी काढावी तसा.
वाफा बघितला. काही बोलली नाही.
चहात साखर जास्त होती.

सोमवारी सुपरवायझर माझ्या शेजारी थांबला.
समोर आरशासारखं कवच,
त्यात त्याचा चेहरा, माझा चेहरा,
आणि मधोमध काळा पंजा.
ये, एनो इदु? काय लागलंय हाताला?

साबणानं जात नाही तो रंग. रॉकेलनं पण नाही.
ग्रीस, म्हणालो.
आणि हातमोजा चढवला.